'डॉइच' म्हणजे दैत्य नव्हे

जर्मन लोक आपल्या देशाला 'डॉइच्लांड' म्हणतात, त्यातला 'डॉइच' म्हणजे आपला 'दैत्य' आणि 'लांड' म्हणजे स्थान, सबब जर्मनी हे दैत्यस्थान होय, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची आपल्या भागात वाण नाही. त्याच श्वासात 'जर्मन' म्हणजे 'शर्मन्' असेही हेच लोक सांगतात. एकाच देशाने एका नावाने दैत्य व्हावे आणि दुसऱ्या नावाने ब्राह्मण व्हावे, हे कसे जमते ते सांगायला मात्र कोणी थांबत नाही. टाळ्या पडल्या की व्याख्यान संपते.

टाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार उत्तरपत्रिकांबद्दल आहे. गेल्या वर्षी आमच्या गावी एका पाहुण्यांनी हीच व्युत्पत्ती दोनेकशे मुलांना ऐकवली, आणि सहामाहीच्या निबंधात ती मला अकरा ठिकाणी भेटली. एका हुशार मुलीने तर पुढे जाऊन लिहिले, की जगातल्या सगळ्या भाषा आपल्यापासून निघाल्या असल्यामुळे दुसऱ्या भाषा शिकण्याचे खरे म्हणजे कारण उरत नाही. मुलगी दोन भाषा बोलणाऱ्या घरातली. शिकवल्यावर शिकलेली, एवढाच तिचा अपराध. म्हणून शिकवणाऱ्यांना चार शब्द सुनावणे भाग आहे.

प्रथम हा शब्द आहे तरी काय ते पाहू. 'डॉइच' हे मुळात विशेषण. जर्मन भाषाकुळातल्या जवळजवळ सर्व भाषांत ते या ना त्या रूपात आहे. जर्मनमध्ये 'डॉइच', हॉलंडच्या भाषेत 'डौट्स' आणि जुने 'डीट्स', डॅनिश-स्वीडिशमध्ये 'ट्युस्क', इंग्रजीत 'डच'. इटालियन ही त्या कुळातली नव्हे, पण तिनेही 'तेदेस्को' म्हणून ते उसने घेतले आहे. शब्दाच्या पोटात जुने नाम आहे : गॉथिक भाषेत 'थिउदा', जुन्या इंग्रजीत 'थेओद'. अर्थ लोक, जनसमूह. त्याला लागलेला प्रत्यय म्हणजे इंग्लिश, स्वीडिश, डॅनिश या नावांच्या शेवटी दिसतो तोच. कोल्हापूरचा तो कोल्हापुरी, तसा लोकांचा तो 'थिउदिस्क'. या मूळ नामाची भावंडे दूरवर आहेत. लिथुआनियन भाषेत 'ताउता' म्हणजे राष्ट्र, जुन्या आयरिशमध्ये 'तूअथ' म्हणजे टोळी, आणि दक्षिण इटलीतल्या ऑस्कन भाषेच्या लेखांत 'तोउतो' म्हणजे नगरजन. संस्कृतात मात्र याची सर्वमान्य अशी बहीण नाही. ज्या शब्दाशी संस्कृतचे नाते सर्वांत दुबळे, नेमका तोच आमच्या वक्त्यांनी संस्कृतच्या पदराला बांधला!

आता ध्वनींचे पाहू. शब्द 'सारखे ऐकू येतात' एवढ्यावर नाते ठरत नाही. उच्चारांचे बदल नेमाने होतात, आणि तो नेम प्रत्येक शब्दाला लावून पाहावा लागतो. याकोब ग्रिमने १८२२ साली हा नेम सूत्रात बसवला. डॅनिश पंडित रास्मुस रास्कने त्याचे बरेचसे आधीच, १८१८ च्या आपल्या प्रबंधात, ओळखले होते. संस्कृतचा 'त' जर्मन कुळात प्रथम 'थ'सारखा झाला. इंग्रजीने तो 'थ' टिकवला, जर्मनने आठव्या शतकापासून पुढे हळूहळू त्याचा 'ड' केला, आणि डॅनिशने 'ट' केला. पडताळा पाहा. आपली 'तृष्णा' ती इंग्रजीत 'थर्स्ट', जर्मनमध्ये 'डुर्स्ट', डॅनिशमध्ये 'ट्योर्स्ट'. आपले 'तृण' ते इंग्रजीत काटा होऊन 'थॉर्न', जर्मनमध्ये 'डोर्न', डॅनिशमध्ये 'टोर्न'. आपले 'त्रि' ते 'थ्री', 'ड्राय', 'ट्रे'. जुने 'थेओद', जर्मन 'डॉइच', डॅनिश 'ट्युस्क' ही ओळ याच मापाने बेतलेली आहे. म्हणजे 'डॉइच'मधला 'ड' हा उशिरा आलेला पाहुणा. मूळचा वर्ण 'त'.

उलट संस्कृतच्या 'द'ची वाट निराळी. तो इंग्रजीत 'ट' होतो आणि जर्मनमध्ये 'त्स'. दश, टेन, त्सेन. द्वौ, टू, त्स्वाय. दंत, टूथ, त्सान. तेव्हा दितीच्या पुत्रांचे कोणी नातलग जर्मनीत असतेच, तर त्यांच्या नावाच्या आरंभी 'त्स' यायला हवा होता. यावर एक पळवाट सुचवली जाते, की शब्द वारशाने नव्हे, नंतर उसना गेला असेल. पण चौथ्या शतकातल्या गॉथिक ग्रंथात तो 'थ'नेच लिहिलेला आहे. 'द' उसना घेणाऱ्याने त्याचा 'थ' कशासाठी करावा? हा सगळा पडताळा आठवीच्या मुलाला फळ्यावर अर्ध्या तासात दाखवता येतो. मी दाखवला आहे. मुलांना दैत्यांपेक्षा यातच अधिक गंमत वाटते, कारण दैत्यांवर विश्वास ठेवावा लागतो आणि इथे उत्तर आपले आपल्याला काढता येते.

सारखेपणावरून नाते जोडायचे ठरवले तर आपल्या स्वयंपाकघरातच पाहा. बेळगाव-कोल्हापूरकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मलचं पातेलं' म्हणतात. उद्या एखादा संशोधक जर्मनी हा देश ॲल्युमिनियमचा होता असे मांडील, आणि त्याला निदान आपल्या आजीचा पुरावा तरी असेल. ध्वनीच्या भुलीने फसणे हा काही आपल्याच लोकांचा मक्ता नाही. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिन लिहिणाऱ्या मठवासीयांना 'थेओदिस्कुस' हा शब्द गावंढळ वाटू लागला. त्यांनी त्याच्या जागी 'तेउतोनिकुस' घातला. का, तर इसवी सनापूर्वी १०२ मध्ये रोमन सेनापती मारियुसने ज्यांचा पराभव केला, त्या तेउतोन टोळीचे नाव कानाला तसे लागत होते आणि जुन्या ग्रंथांत होते. इंग्रजीतला 'ट्यूटॉनिक' तिथून आला. भारदस्त पूर्वज सापडला की माणूस पुरावा विचारत नाही, हे तेव्हाही खरे होते.

पण मला खरे सांगायचे आहे ते या विशेषणाच्या चरित्राविषयी. ते कळले की दैत्याची गोष्ट नुसती चूकच नव्हे, तर किती दरिद्री आहे तेही कळते.

चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्यात 'थिउदिस्को' हे रूप एकदा येते, गलतीकरांस पत्रात. तेथे त्याचा अर्थ आहे 'यहुदी नसलेल्या लोकांच्या रीतीने'. त्यात अभिमान नाही, वंशही नाही. आपल्यातले नव्हेत ते 'लोक', एवढेच. पुढे चारशेहून अधिक वर्षांनी तो शब्द लॅटिन कागदांत येतो. इसवी सन ७८६ मध्ये ऑस्टियाचा बिशप जॉर्ज याने इंग्लंडातल्या धर्मसभांचा वृत्तांत पोप हाद्रियानला कळवला. मर्सियाचा राजा ऑफा याच्या राज्यातल्या सभेत ठराव लॅटिनमध्ये वाचले आणि 'थेओदिस्के'ही वाचले, म्हणजे सर्वांना कळावेत, असे त्याने लिहिले. ही 'थेओदिस्के' भाषा कोणती? इंग्लंडात बोलली जाणारी, म्हणजे आजच्या इंग्रजीची आजी. जर्मनांच्या नावाचा हा पहिला लॅटिन दाखला जर्मनीतला नाही आणि जर्मन भाषेविषयीही नाही! (बरोबर एक हजार वर्षांनी, १७८६ मध्ये, विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या नात्याविषयीचे आपले प्रसिद्ध भाषण केले. योगायोगच, पण व्याख्यात्यांना तो कसा सापडला नाही याचे मला नवल वाटते.)

त्यानंतर दोन वर्षांनी, ७८८ मध्ये, बव्हेरियाचा सरदार टासिलो याच्यावर इंगेलहाइम येथे खटला चालला. सैन्य सोडून जाण्याच्या गुन्ह्याला लोकांच्या भाषेत 'हरिस्लित्स' म्हणतात, अशी नोंद त्या प्रसंगाच्या राजबखरीत आहे. आरोपीला आरोप समजावा म्हणून कायद्याचा शब्द लोकभाषेत द्यावा लागला. ८१३ मध्ये तूर येथील धर्मसभेने बिशपांना आज्ञा केली, की प्रवचने खेडवळ रोमन बोलीत किंवा 'थेओतिस्का' बोलीत उलगडून सांगावीत, म्हणजे ऐकणाऱ्यांना अर्थ कळेल. या सगळ्या ठिकाणी शब्दाचा अर्थ एकच : लॅटिन नव्हे ती, लोकांच्या तोंडची. 'उलगडून सांगणे' या अर्थाचे जर्मन क्रियापद 'डॉइटन' आणि 'स्पष्ट' या अर्थाचे विशेषण 'डॉइटलिश' हीसुद्धा याच घरची. लोकांना कळेल असे करणे म्हणजे 'डॉइटन'.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटायला हवे. आपल्या संतांनी आणि पंडितांनी मराठीला कितीतरी वेळा नुसते 'प्राकृत' किंवा 'देशी' म्हटले. संस्कृत नव्हे ती. ८६३ ते ८७१ च्या दरम्यान वाइसेनबुर्गच्या ओटफ्रिड नावाच्या भिक्षूने येशूचे चरित्र आपल्या फ्रँकिश बोलीत पद्यात रचले, आणि असे का केले याचा खुलासा माइन्झच्या आर्चबिशपला लॅटिन पत्रात दिला. वरिष्ठांना जो खुलासा द्यायचा तो वरिष्ठांच्या भाषेत! आपल्या देशात एकनाथांना काशीच्या पंडितांपुढे प्राकृत ग्रंथाबद्दल जबाब द्यावा लागल्याची कथा सांगतात, तिची आठवण इथे कोणाला होणार नाही? 'देशी' या विशेषणाचे पुढे काय झाले ते मात्र विचारू नका. आज त्या शब्दाची पाटी कोणत्या दुकानावर असते ते आपण सर्व जाणतो. विशेषणांचे दैव असेच.

आणि आता ८४२ सालच्या १४ फेब्रुवारीचा प्रसंग. शार्लमेनचे दोन नातू, लुई आणि चार्ल्स, तिसऱ्या भावाविरुद्ध एक झाले आणि स्ट्रासबुर्ग येथे दोघांनी आपापल्या सैन्यासमोर शपथा घेतल्या. नितार्ड नावाच्या त्यांच्याच आप्ताने हा प्रसंग लिहून ठेवला, शपथांचे शब्दही जसेच्या तसे दिले. लुईचे सैन्य 'तेउदिस्का' बोलणारे, चार्ल्सचे 'रोमाना' बोलणारे, म्हणजे पुढच्या फ्रेंच भाषेच्या मुळाशी असलेली बोली. कोणी कोणत्या भाषेत शपथ घेतली? लुईने रोमानामध्ये आणि चार्ल्सने तेउदिस्कामध्ये. प्रत्येकाने दुसऱ्याच्या सैनिकांना कळेल अशा भाषेत. फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना जपलेला मजकूर जर्मनांच्या राजाच्या तोंडचा आहे, तो असा. गणपत गल्लीतली भाजीवाली मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत आणि कानडी गिऱ्हाइकाशी कानडीत भाव करते, तेव्हा ती नकळत त्याच राजनीतीने वागत असते.

तोपर्यंत 'थेओदिस्क' नावाचा देश नव्हता आणि त्या नावाचे लोकही नव्हते. भूमी आणि माणसे यांना हे विशेषण लावलेले ठळकपणे दिसते ते अकराव्या शतकाच्या अखेरीस, आन्नो या आर्चबिशपच्या चरित्रकाव्यात. भाषा आधी, देश मागून.

इंग्रजीने या शब्दाची केलेली अवस्था थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी आपला मूळचा 'थ'चा शब्द गमावला आणि समुद्रापलीकडून 'ड'चा शब्द उसना आणला. आधी 'डच' म्हणजे सगळे जर्मन भाषक. मग १६४८ मध्ये नेदरलँड्सचे स्वातंत्र्य मान्य झाले आणि व्यापारात गाठ सतत त्यांच्याशीच पडू लागली, तेव्हा ते नाव त्यांच्यापुरते आकसले. १६५२ ते १६७४ च्या दरम्यान दोघांची तीन समुद्री युद्धे झाली. दारूच्या जोरावरचे शौर्य ते 'डच' शौर्य, ज्या मेजवानीत आपले बिल आपणच द्यायचे ती 'डच' मेजवानी, असे इंग्रजीतले कुचके वाक्प्रचार बहुतेक त्या वैराच्या सावलीत वाढले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे 'डच' मात्र जर्मन प्रदेशातून गेलेले. आणि आपण? आपल्या वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात ज्यांची वखार होती, त्यांना मराठ्यांनी 'डच' कधीच म्हटले नाही. ते आपले 'वलंदेज', पोर्तुगीजांच्या तोंडून ऐकलेले. डेन्मार्कचे ते 'डिंगमार'. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हे टोपीकर याच नावांनी येतात. 'डच' हा आपल्याकडे इंग्रजांच्या शाळेतून आला, त्यांच्या गोंधळासकट.

शेजारी काय नाव ठेवतात हा आणखी मनोरंजक प्रकार. स्लाव्ह भाषांत जर्मनांचे नाव 'मुका' या अर्थाच्या शब्दापासून आहे. आपली भाषा न बोलणारा तो मुका! संस्कृतातला 'म्लेच्छ' तसाच, अस्पष्ट बोलणारा. जुन्या मराठीत 'कानडा' या शब्दाला 'न उमगणारा' असा अर्थ होता, आणि तो सीमेवरच्या शेजाऱ्यावरूनच आला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी सांगितले आहे, की असुरांनी उच्चार चुकवले म्हणून ते पराभूत झाले, तेव्हा व्याकरण शिकावे. दैत्यांविषयी बोलायचेच असेल तर आमच्या वक्त्यांनी निदान एवढे वाचून यावे.

इथवर हसण्यावारी नेले. पुढचे हसण्यासारखे नाही.

१८०७-०८ च्या हिवाळ्यात बर्लिन फ्रेंचांच्या ताब्यात असताना फिश्टे या तत्त्वज्ञाने 'जर्मन राष्ट्राला उद्देशून' चौदा व्याख्याने दिली. आपली भाषा मूळ आणि जिवंत, इतरांनी लॅटिनची मेलेली मुळे पत्करली, म्हणून आपण श्रेष्ठ, असा त्यातला एक धागा होता. पराभूत समाजाला असे बोल गोड लागतात, आणि फिश्टेला मी खलनायक म्हणणार नाही. पण 'लोकांची' या नम्र विशेषणाचा 'मूळची' हा गर्विष्ठ अर्थ तिथे तयार झाला. मग ग्रिम. ज्याच्या नियमाचा मी वर फळ्यावर उपयोग केला तोच. त्याने आपल्या व्याकरणाला 'डॉइच व्याकरण' नाव दिले आणि त्यात इंग्रजी, गॉथिक, डॅनिश सगळ्यांना बसवले. डॅनिश पंडितांना हे रुचणे शक्य नव्हते, रास्कलाही रुचले नाही. १८४८ मध्ये श्लेस्विग या सीमाप्रांतावरून डेन्मार्कशी लढाई पेटली, तेव्हा ग्रिम फ्रांकफुर्टच्या संसदेत सदस्य होता आणि युद्धाच्या बाजूने बोलला. त्याच वर्षी निघालेल्या 'जर्मन भाषेचा इतिहास' या ग्रंथात शब्दांच्या पुराव्यावर त्याने जटलंडवरही हक्क सांगण्यापर्यंत मजल मारली. एवढा मोठा भाषापंडित! व्युत्पत्ती बरोबर असूनही तिचा उपयोग नकाशा ओढण्यासाठी केला की काय होते, याचा हा धडा आहे. आपल्याकडे तर व्युत्पत्तीही चुकीची.

बर्लिनच्या संसदभवनावर 'जर्मन लोकांसाठी' अशी अक्षरे आहेत. इमारत १८९४ ची, अक्षरे बसली १९१६ मध्ये. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत हस्तगत केलेल्या फ्रेंच तोफांच्या धातूतून ती ओतली होती, आणि ती ओतणारा कारखाना लोव्ही या ज्यू कुटुंबाचा होता. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे झाले. नागरिक कोण, तर ज्याच्या अंगात 'डॉइच' किंवा त्याच्याशी सजातीय रक्त आहे तो. ज्या विशेषणाचा अर्थ 'सर्वांना कळेल अशी बोली' होता, ते आता रक्ताला लागले. लोव्ही कुटुंबातली काही माणसे पुढे नाझींच्या छळछावण्यांत मारली गेली. त्यांची घरची भाषा जर्मनच होती.

२००० सालच्या ५ एप्रिलला तिथल्या संसदेत या शब्दावर पुन्हा मतदान झाले. हान्स हाके या कलावंताने इमारतीच्या आतल्या चौकात 'रहिवाशांसाठी' अशी अक्षरे बसवण्याची योजना मांडली होती. त्यात 'डॉइच' हा शब्द नव्हता, आणि वाद त्यावरूनच. योजना २६० विरुद्ध २५८ मतांनी मंजूर झाली. बाहेरची अक्षरे आहेत, आतलीही आहेत. एका विशेषणावर एवढी चुरस मला तरी शहाणपणाची वाटते. निदान शब्दाचे वजन त्यांना ठाऊक होते.

आता श्लेस्विगचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण सीमेवर राहणाऱ्याने ते माहीत करून घेतलेच पाहिजे. १८६४ च्या युद्धात डेन्मार्क हरले आणि सारा प्रांत गेला. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये मतदान झाले. उत्तरेच्या पट्ट्यात सुमारे ७५ टक्के मते डेन्मार्कला पडली, दक्षिणेच्या पट्ट्यात, म्हणजे फ्लेन्सबुर्गच्या बाजूला, सुमारे ८० टक्के जर्मनीला. घरात डॅनिश बोली बोलणाऱ्या कित्येकांनी जर्मनीला मत दिले होते. भाषेचे झाड आणि माणसाचे मन एकाच मातीत उगवतात असे नाही. फ्लेन्सबुर्गच्या जुन्या बायका 'पेटू' नावाची एक खिचडी बोली बोलत, शब्द बहुतेक जर्मन आणि वाक्याची ठेवण डॅनिश. आपल्या बेळगावी मराठीला पुणेकर हसतात, त्यांना मी ही बोली ऐकवू इच्छितो.

रेघ ओढली तरी दोन्ही बाजूंना अल्पसंख्य उरलेच. १९५५ च्या मार्चमध्ये बॉन आणि कोपनहेगन या राजधान्यांतून दोन घोषणा निघाल्या. त्यांतले मर्माचे कलम असे, की मी डॅनिश किंवा मी जर्मन असे म्हणणे प्रत्येकाच्या मर्जीवर आहे, आणि सरकारी अधिकाऱ्याने ते नाकारायचे नाही व तपासायचेही नाही. आडनाव नाही, वंशावळ नाही, आजोबांची बोली नाही. त्या वेळी डेन्मार्कमधल्या जर्मन शाळांना मान्यताप्राप्त परीक्षा घेण्याचा हक्क मिळाला आणि १९५९ मध्ये ओबेनरो येथे जर्मन माध्यमाचे गिम्नाझियम उभे राहिले. फ्लेन्सबुर्गची डॅनिश शाळा तर १९२० पासूनची. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या विधानसभेत डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला पाच टक्के मतांची अट लागू नाही, आणि २०२१ मध्ये त्या पक्षाचा एक सदस्य बर्लिनच्या संसदेतही निवडून आला.

मी मुख्याध्यापक आहे. मराठी शाळेचा पट, फलकावरच्या अक्षरांची उंची, कळत नसलेल्या भाषेतले परिपत्रक रात्री नऊला शिक्षकांकडून उलगडून घेणे, हे माझे रोजचे आहे, आणि त्याचा राग माझ्या मनात कोणापेक्षाही कमी नाही. म्हणूनच म्हणतो, आमचा दावा व्युत्पत्तीवर उभा करू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचे 'बेळगावी' झाले, तेव्हा एका बाजूने शिलालेखातला वेळुग्राम काढला, दुसऱ्या बाजूने वेणुग्राम काढला, आणि महिनाभर दोन्हीकडची वर्तमानपत्रे बांबूच्या बनात हरवली. गाव कोणाचे हे बांबूवरून कसे ठरणार? १९५६ पासून इथली माणसे जे म्हणत आली, आणि २००४ मध्ये जो दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याचे बळ इथे आज राहणाऱ्या माणसांच्या इच्छेत आहे. सगळ्या भाषा आपल्यातून निघाल्या असे एकदा आपण म्हटले, की मराठी ही कानडीतून निघाली असे म्हणणाऱ्या समोरच्या पंडिताला कोणत्या तोंडाने अडवणार? त्याच्याकडे तर तूप, अक्का, अण्णा, अडकित्ता असे दाखवायला खरे शब्द आहेत. ते आपण त्यांच्याकडून घेतले, आणि घेतल्याने मराठीचे काही बिघडले नाही.

त्या निबंध लिहिणाऱ्या मुलीला मी गुण कापले नाहीत. तिला तृष्णा-थर्स्ट-डुर्स्टचा तक्ता दिला आणि कानडीतले दहा शब्द आजीकडून लिहून आणायला सांगितले. तिने चौतीस आणले. त्यांतले सात मला नवे होते. आणि ज्या पुस्तकात जर्मनीचे दैत्यस्थान केले आहे ते आमच्या ग्रंथालयातही कोणीतरी भेट दिलेले आहे. देणगीदाराचा मान राखून ते मी फेकले नाही, भाषाशास्त्राच्या कपाटातून उचलून कथा-कादंबऱ्यांत ठेवायला लावले. तिथे त्याला मागणी वाढली, असे ग्रंथपाल सांगतात.